मेडलच्या जागी एक रुपया

१

ऐका गे, मधे कुणी बोलायचं नाही, नाहीतर माझा धागा सुटतो.

दुपारचे चार. साईप्रिया अक्काच्या कारखान्यात आम्ही चाळीसएक माणसं दाटीवाटीनं उभी. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. अक्का, माझी चुलतबहीण, तिथं वीणा बनवते, फणसाच्या लाकडाच्या. त्या दिवशी सगळी हत्यारं पूजेत होती, त्यामुळे खोली अशी गप्प, कौलांतून ऊन उतरत होतं आणि त्यात भुसा तरंगत होता, खाली पडायचं विसरल्यासारखा. मला तर वाटत होतं आपण सगळे एखाद्या वीणेच्या पोटातच उभे आहोत.

आणि खजिना खरंच वीणेच्या पोटात होता! अर्धवट कोरलेल्या एका भोपळ्यात. जिंकलेल्या तीन पोरांतली सगळ्यांत धाकटी, सात वर्षांची, तिनं खांद्यापर्यंत हात घातला आणि शिसवीची डबी बाहेर काढली. टाळ्याच टाळ्या. बाळकृष्णराव तातांनी, म्हणजे आमच्या गल्लीतले सगळ्यांचे आजोबा, त्यांनी कडी उघडली.

आत निळी मखमल. मखमलीत चांदणीच्या आकाराचा खळगा. आणि खळग्यात मेडल नाही.

एक रुपयाचं नाणं.

ती पोरगी म्हणाली, "ताता, हेच घालून फिरायचं का मी?"



२

थांबा, आधी मेडल कुणाचं ते सांगते, नाहीतर तुम्हांला काय कळणार.

वैद्यनाथ. आमच्या तंजावुरातल्या राजवाड्यामागच्या गल्लीतला मराठी पोरगा, कावेरीच्या कालव्यांत पोहून वाढलेला. फौजेत गेला. एकाहत्तरच्या लढाईत टेलिफोनची तार कमरेला बांधून नदी पोहून गेला, वरून गोळ्या. तार पोचली, पलीकडून बोलणं सुरू झालं, तो परत आला नाही. तेवीस वर्षांचा. बाळकृष्णराव ताता त्याचे धाकटे भाऊ.

तर हा वैद्यनाथ लहानपणी एक खेळ काढून गेला. आमच्याकडे सरस्वतीपूजेच्या दिवशी पुस्तकं, पेनं, हत्यारं, वाद्यं सगळं देवीपुढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठेपर्यंत कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही, पूजेतल्या वस्तूला बोट लावायचं नाही. पोरांना कंटाळा येणारच. म्हणून यानं खजिन्याचा शोध काढला, एका अक्षराशिवाय! चिठ्ठी नाही, वस्तू. मान हलवणारी मातीची बाहुली मिळाली की बाहुल्या रंगवणाऱ्याकडे पळायचं. त्याच्याकडे केळीच्या सोपटाचा दोर मिळाला की फुलवाल्याकडे. फुलवाल्याकडे वीणेच्या तारेचा तुकडा, की अक्काकडे. तो गेला, पण गल्लीनं खेळ ठेवला, आणि खजिना म्हणजे त्याचं मेडल. जिंकेल त्यानं गळ्यात घालून गल्लीभर फिरायचं, बायका दारात उभ्या राहून ओवाळतात. एक तासभर सात वर्षांची पोरगीसुद्धा वैद्यनाथ होते.

यंदा खेळ मांडला होता मुरलीनं. तातांचा नातू, बावीस वर्षांचा, आणि हेच महत्त्वाचं, बारा दिवसांनी चेन्नईला फौजेच्या ट्रेनिंगला जायचा होता. सगळं पास. फक्त पोलिसांकडून चालचलनाचा कागद यायचा बाकी.

आता डबी कुणाच्या हातात होती? सकाळी नऊला तातांच्या घरातून सायकलवर घेऊन कोण आला? मुरली.

ताता रुपया बाहेर ठेवून, डबी बंद करून म्हणाले, "आज लेखणी पूजेत आहे. उद्या सकाळी पूजा उठली कीं पहिलं अक्षर लिहीन ते पोलिसांना लिहीन. डबी ज्यानं आणली त्याचं नांव लिहावंच लागेल. माझा नातू असला तरी."

मुरली पांढराफटक. "ताता, मी उघडली पण नाही हो."

"मी चोर म्हटलों नाही. नांव लिहीन म्हटलों."

विजयादशमीचं पहिलं अक्षर! आमच्याकडे त्या दिवशी पोरांना तांदळात ॐ गिरवायला लावतात. आणि या घरात पहिलं अक्षर नातवाविरुद्ध. तक्रारीत नाव गेलं की कागद अडकणार, कागद अडकला की ट्रेनिंग गेलं.

मी अक्काकडे पाहिलं. ती त्या रुपयाकडे पाहत होती, आणि मग तिनं तो उचलून चक्क नाकाशी नेला.

३

"हरिणी," अक्का मला म्हणाली, "आज हातांना काम नाही. चल, डोकं घासू."

ती तशीच आहे. लाकूड ठोकून आवाजावरून सांगते आत किती भेग आहे. माणसांनाही ठोकते.

पहिला मुरली. तो कालव्याच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसला होता. पाणी हिरवंगार, संथ, पलीकडे भाताची खाचरं, नारळांच्या सावल्या उलट्या लोंबताहेत. इतकं शांत कीं रडू यावं.

"बोल रे सिपाही," अक्का म्हणाली.

"अजून झालो नाही आणि आता होणारही नाही."

"नाटक नको. डबी कुठनं घेतलीस?"

"समोरच्या खोलीतल्या मेजावरून. ताता सहाला मेडल पुसून आत ठेवतात, दरवर्षी. मी नऊला उचलली, पिशवीत टाकली, सायकलच्या हँडलला अडकवली, तुझ्याकडे आलो. लावण्याच्या हातात दिली. एवढंच."

"वाटेत उघडून बघावंसं वाटलं नाही?"

"कशाला? आत होतंच की. प्रत्येक खड्ड्यात खळखळ वाजत होतं."

अक्कानं एकदम वळून त्याच्याकडे पाहिलं. मग हसली. मला काय कळेना. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मुरली, तू नाही चोरलंस. पण हे मला तुझ्या तातांना आज सांगता येणार नाही, कारण मग ते विचारतील, दुसरं कोण."

४

लावण्या माझी मैत्रीण, तिला तुम्ही फोटोत पाहिलंय, ती दर दोन मिनिटांनी व्हिडिओ काढते ती. सकाळी साडेनऊपासून चारपर्यंत कारखान्यात राखणीला तीच होती. आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली होती कीं गेल्या आठवड्यात तिनं मेडलचा फोटो टाकला होता, आणि कुणा जुन्या वस्तू जमवणाऱ्यानं किंमत विचारली होती.

"विचारली!" ती माझ्यावरच ओरडली. "मी काय उत्तर दिलं तेही वाच ना. चप्पलचा फोटो पाठवला त्याला!"

"अगं, मी कुठं काय म्हटलं?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. आज लिहायचं नसतं, माहीत आहे ना?"

अक्कानं तिला शांत केलं. "सकाळचा व्हिडिओ आहे का? मुरली डबी देतानाचा?"

होता. मुरली हँडलवरून पिशवी काढतोय, लावण्या "आणि हा आला आपला खजिना" म्हणत डबी कानाशी हलवतेय. खळ. खळ. खळ. अक्कानं तीनदा लावला, डोळे मिटून, एखादा राग ऐकावा तशी.

"काय ऐकू येतं, हरिणी?"

"मेडल."

"नाणं. मेडलला फीत असते, निळी-केशरी. फीत घडी करून खळग्यात घट्ट बसवलं कीं ते वाजतच नाही. मी लहानपणी दोनदा जिंकले आहे, दोन्ही वेळा डबी हलवून पाहिली, मुकी. वाजतं ते सुटं नाणं."

 म्हणजे मुरलीनं उचलली तेव्हाच डबीत रुपया होता! नऊच्या आधी. म्हणजे कारखाना नाही, रस्ता नाही, लावण्या नाही, मुरलीही नाही, कारण चोर स्वतःहून "वाजत होतं" कशाला सांगेल? राहिलं तातांचं घर. सहा ते नऊ. त्या घरात माणसं तीन. मुरलीचे अप्पा, म्हणजे वडील, मस्कतला कामाला. मुरली सुटला.

राहिले ताता. आणि मुरलीची अम्मा, सीतालक्ष्मी मामी.

५

ताता झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. समोर भिंतीवर मेडलची रिकामी चौकट. आतल्या खोलीत नवरात्राच्या बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या, दिव्यांत सगळे राजे, राण्या, देव, वाजंत्री अर्धवट झोपेत बसल्यासारखे. खालच्या पायरीपुढे पूजा: पुस्तकांचा ढीग, तातांचं फाउंटन पेन, मामी शाळेत शिकवतात तिथली हजेरीवही, मुरलीचे बूट सुद्धा, आणि त्यात हळदीचे गड्डे, फुलं, सुपाऱ्या, चंदनाचे गोळे.

"सगळं शोधलंत, ताता?"

"कपाटं, पेट्या, तांदळाचा डबा. पूजा तेवढी सोडून. ती कोण हलवणार?"

"खरं आहे. एक विचारू? मेडल तुम्हांलाच द्यायचं नसतं तर?"

मी मनात म्हटलं, मेलो. पण ताता रागावले नाहीत. "मला नको असतं तर खेळच बंद केला असतों. कोण अडवणार होतं? लपवायला कशाला पाहिजे?"

अक्कानं मान हलवली. मलाही पटलं. ज्याचं आहे तो चोरून काय करेल?

मग स्वयंपाकघर. मामी हरभऱ्याचं चुंडल परतत होत्या, वरून खोबरं. मामी म्हणजे गल्लीतली सगळ्यांत बोलकी बाई. मुरली पास झाला तेव्हा भाजीवालीला, रिक्षावाल्याला, बँकेतल्या मॅनेजरला, सगळ्यांना सांगून आलेली. आज शब्द मोजून.

"मामी, सकाळी डबीजवळ कोण आलं होतं?"

"चुंडल घे गे. गरम आहे."

"ताता पोलिसांत जाणार आहेत उद्या."

"मामंजी करतील ते बरोबर."

"मुरलीचं नाव जाईल."

उलथनं थांबलं. खोबरं करपायला लागलं, वास आला, तरी थांबलेलंच. मग मामी खूप हळू म्हणाल्या, "मला बोलता येत नाही, साईप्रिया. बोलायचं नाही असं नाही. बोलता येत नाही."

बाहेर आलो तेव्हा अक्काच्या मुठीत तो रुपया होता. तिनं तातांकडून मागून घेतला होता. नखानं त्याच्या अक्षरांतून काहीतरी खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. पिवळं.

"हळद," मी म्हटलं. "आज कुणाच्या हाताला नाही?"

"हाताला लागते ती भुकटी. ही भिजून वाळलेली आहे, अक्षरांच्या खोबणीत. हा रुपया ओल्या हळदीच्या कपड्यात घट्ट बांधलेला होता, हरिणी. आणि मग कुणीतरी तो सोडला."

मी "अय्यो" म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. मला कळलं होतं.

६

तुम्हांला नाही कळलं ना? सांगते.

आमच्या तंजावुरात घरावर काही संकट आलं, कुणी आजारी पडलं, कुणी लांब गेलं, कीं बाई पांढरा रुमाल हळदीत भिजवते, त्यात एक नाणं ठेवते, गाठ मारते आणि देवापुढे ठेवते. नवस. काय मागितलं ते तोंडानं सांगायचं नाही. मागणं पुरं होईपर्यंत गाठ सोडायची नाही. पुरं झालं कीं कुलदैवताला जाऊन ते नाणं वाहायचं.

रात्रभर मी जागी कीं झोपेत, मला आठवत नाही. सारखी ती नऊ पायऱ्यांची माणसं दिसत होती, नदीत तार बांधून पोहणारी.

सकाळी पूजा उठायच्या वेळी आम्ही गेलो. तातांनी आरती केली, कापूर विझला, अक्षता टाकून पूजा जराशी उत्तरेला सरकवली, म्हणजे आता हात लावायला मोकळं. तातांनी पहिल्यांदा पेन उचललं. टोपण काढलं. कागद पुढे ओढला.

"ताता, एक मिनिट," अक्का म्हणाली. "तुम्ही सगळं शोधलंत, पूजा सोडून. म्हणून मेडल पूजेतच असणार."

"पूजेत मेडल मी ठेवलं नाही."

"ज्यानं डबीत रुपया ठेवला त्यानं ठेवलं. चोर रुपया कशाला ठेवेल? थट्टेला? सणाच्या दिवशी भांडं रिकामं करून तसंच ठेवायचं नाही, ही सवय बाईच्या हाताची. चोराची नाही. आणि त्या रुपयाला गाठीतली हळद आहे. म्हणजे आधी गाठीत रुपया होता. मग रुपया बाहेर आला, तर गाठीत काय गेलं?"

पुस्तकांच्या आणि मुरलीच्या बुटांच्या मधे, झेंडूच्या खाली, पिवळी गाठ होती. मुठीएवढी. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. हळदीच्या गड्ड्यासारखी दिसत होती, काय सांगू!

ताता वाकले. आणि मामी मधे पडल्या, खऱ्याच पडल्या, गुडघ्यांवर.

"सोडू नका, मामंजी! मला काय ते म्हणा, सोडू नका!"

"तुम्ही बोलला नाहीत, मामी," अक्का त्यांच्याजवळ बसली. "मी बोलले. तुमची गाठ शाबूत आहे."

मग मामी बोलल्या, मागणं सोडून बाकी सगळं. "पहाटे रुपयाच बांधला होता गे. मग मामंजी आंघोळीला गेले, मी डबीपुढे उभी राहिले. मनात आलं, एवढं मोठं मागणं आणि एक रुपया? या घरातून एक गेलेलाच आहे, त्याचंच मेडल देवीच्या पदरात घालते, आता तरी ऐकेल. खेळात सापडलं नाही तर काय होईल हे डोक्यातच नाही आलं. डबी बंद केली, मुरली घेऊन गेला, मला वाटलं झालं."

"आणि पोलिसांचं ऐकलंत तेव्हा?"

मामींनी मुरलीकडे पाहिलं नाही. "काल चारपासून तेच मनात होतं. नाव गेलं तर हा जाणार नाही. गेला नाही तर… गप्प बसले तरी माझंच मागणं पुरं होत होतं. तेवढं पाप केलं मी."

मुरली दाराला टेकून उभा होता.  

आणि तातांनी गाठ उचलली.

७

त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि अंगठ्यानं चाचपली. कपड्यातून एक टोक लागलं असेल. मग दुसरं. आम्हांला त्यांच्या तोंडावर मोजता येत होतं. पाच टोकं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, फार लांबून आल्यासारखी वाटली.

मला खात्री होती ते सोडणार. तुम्हांला ताता माहीत नाहीत, आयुष्यभर सरकारी कचेरीत काढलेलं, दूधवाल्याची थैलीसुद्धा उलटी करून बघतात.

त्यांनी गाठ परत ठेवली. फुलं नीट केली. मग खाली बसले, मामींच्या समोर, सुनेच्या समोर जमिनीवर, जे मी कधी पाहिलं नव्हतं.

"सीता, त्या वर्षी आमच्या अम्मानंही बांधली होती. अण्णा, आमचा वैद्यनाथ, स्टेशनावर गेला त्याच दिवशी. चार आणे होते आत. मी चौदा वर्षांचा. नवा सिनेमा लागलेला, खिशांत वीस पैसे. कमी पडले. अम्मा झोपली होती. मी गाठ सोडलों, नाणं घेतलों, आंत खडा घातलों, परत बांधलों. कुणाला कळलं नाही. तो गेल्याची तार आली ती बरोबर सतराव्या दिवशीं."



"अम्मा जाईपर्यंत त्या खड्यापुढं दिवा लावत होती. तो गेला तरी लावत होती. मी चोपन्न वर्षं सांगितलों नाही."

मामींचा हात स्वतःच्या तोंडावर. मला वाटलं आता सगळं घर रडणार, पण मुरली पुढे आला, तातांच्या शेजारी मांडी घालून बसला, आणि तुम्हांला खोटं वाटेल, पण त्यानं हेच विचारलं:

"ताता, सिनेमा कसा होता?"

ताता त्याच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते कीं काय, अजून सांगता येत नाही मला.

"मध्यंतरात उठून आलों रे," ते म्हणाले. "शेवट माहीत नाही मला."

"नांव सांगा. मी सुट्टीत आलो कीं दोघं बघू."

मामींनी वर पाहिलं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोराकडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तिघं. मी पण येणार."